आईला फुलं आवडतात आणि मला कचरा सोसवत नाही

प्रिय ताई,

घरात मला सगळे ‘पर्यावरणवाली’ म्हणतात. प्लॅस्टिक कमी करणं, ओला कचरा घरीच जिरवणं, गरज नसताना नवं काही न घेणं हे मी गेली काही वर्षं मनापासून करते आहे. प्रश्न आईचा आहे. मागच्या मातृदिनाला मी तिला बांबूचे ब्रश, कापडी पिशव्या आणि धुऊन पुन्हा वापरता येणारी पुसणी असा संच दिला. त्याच संध्याकाळी दूर राहणाऱ्या भावाने पाठवलेला भलामोठा पुष्पगुच्छ आला. वर चकचकीत प्लॅस्टिक, रिबिनी, चमकीची फुलपाखरं. आईचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! मी पटकन बोलून गेले, ‘अगं, केवढा हा कचरा!’ ती काहीच बोलली नाही, गुच्छ उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. माझा संच अजून कपाटात तसाच पडून आहे. नंतर एकदा सहज म्हणाली, ‘मला फुलं आवडतात गं.’

यंदा मातृदिन आणि तिचा पासष्टावा वाढदिवस लागूनच येत आहेत. भाऊ येणार आहे, ‘या वेळी काहीतरी मोठं करू’ म्हणतोय. सासूबाईही असतील, त्यांना नव्या कपड्यांची हौस आहे. आईला पुन्हा दुखवायचं नाही, पण कचऱ्याचा डोंगर उभा राहिलेलाही मला बघवणार नाही. काय करू?

– एक मुलगी

*

यंदा आईला फुलंच द्या.

उत्तराची सुरुवात इथूनच करते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुमचं नाही, आईचं आहे. काय आवडतं ते तिने सांगून टाकलंय, तेही कुणाला टोमणा न मारता. तुम्ही दिलेल्या संचाकडे मात्र एकदा तिच्या बाजूने बघा. ब्रश, पिशव्या, पुसणी ही सगळी कामाची अवजारं आहेत. आईच्या कौतुकाच्या दिवशी तिच्या हातात पुसणं आलं, आणि तेही वापरून झालं की धुवायचं, वाळवायचं, घडी करून ठेवायचं. तुमच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या भेटीत तिची आवड कुठेच नव्हती, तुमची होती. भावाच्या गुच्छात प्लॅस्टिक होतं हे खरं, पण तिला काय आवडतं याची आठवणही होती.

आणि ‘केवढा हा कचरा’ या वाक्याबद्दल तिच्याशी एकदा बोला. मातृदिनाची वाट बघू नका, याच आठवड्यात बोला. ‘त्या दिवशी मी तसं म्हणायला नको होतं, फुलं सुंदर होती’ एवढं पुरे. त्याला जोडून प्लॅस्टिकचा मुद्दा पुन्हा काढू नका.

आता फुलांविषयी सविस्तर लिहिते, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे. मातृदिन आणि फुलं यांचं नातं या दिवसाच्या जन्मापासूनचं आहे. अमेरिकेतल्या ॲना जार्विस यांची आई १९०५ मध्ये गेली. तिच्या आठवणीत १० मे १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिला मातृदिन झाला, आणि ॲनांनी तिथे पाचशे पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. कारण अगदी साधं होतं: आईला ती फुलं आवडायची. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार मातृदिन म्हणून जाहीर केला. पुढे फूलविक्रेते, मिठाईवाले आणि शुभेच्छापत्रं छापणारे या दिवसावर तुटून पडले, तेव्हा याच ॲना जार्विस त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. १९४८ मध्ये त्यांचं निधन झालं; त्याआधीची कितीतरी वर्षं आणि जवळचा पैसा त्यांनी या लढ्यात घातला. छापील कार्डाऐवजी मुलांनी आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या आईचं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. ॲन रीव्ह्ज जार्विस यांची बहुतेक मुलं लहानपणीच रोगराईत दगावली होती. १८५० च्या दशकात त्यांनी आपल्या भागातल्या आयांना एकत्र करून मंडळं काढली. पाणी उकळून प्या, दुधाची तपासणी करा, घराभोवतीची घाण हटवा, आजारी आईच्या घरी जाऊन तिचं काम करा, हा त्या मंडळांचा कार्यक्रम होता. म्हणजे ज्या आईच्या आठवणीत हा दिवस सुरू झाला, ती आयुष्यभर स्वच्छ पाणी आणि स्वच्छ परिसर यांसाठी झटत होती. आईचा मान की निसर्गाची काळजी, अशी ओढाताण तुम्हाला होतेय. त्या बाईंना यातलं एक निवडायला सांगितलं असतं, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

तर, कुठली फुलं? दूरदेशाहून आलेली वाईट आणि जवळची चांगली, इतका सोपा हिशेब नाही. जगात निर्यात होणाऱ्या गुलाबांचा मोठा भाग केनियातल्या नैवाशा सरोवराच्या काठावर, कोलंबियात आणि इक्वेडोरमध्ये पिकतो आणि थंड ठेवलेल्या खोक्यांतून विमानाने सगळीकडे जातो. त्यामुळे युरोपात कुणालाही वाटेल, की शेजारच्या नेदरलँड्सचा गुलाब बरा. २००७ मध्ये ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने हाच हिशेब केला. बारा हजार केनियन गुलाबांमागे, विमानप्रवास धरूनही, सुमारे ६,००० किलो कार्बन डायऑक्साइड निघाला. तेवढ्याच डच गुलाबांमागे सुमारे ३५,००० किलो. थंडीत काचघर तापवायला आणि उजळवायला इतकी ऊर्जा जाते. म्हणून फूलवाल्याला ‘हे कुठून आलं’ एवढंच विचारून थांबू नका. ‘सध्या मोसम कशाचा आहे, आणि उघड्या शेतात काय फुललंय’ हेही विचारा. जवळच्या शेतात, आपल्या मोसमात, उघड्यावर वाढलेलं फूल विमानात बसलेलं नसतं आणि हीटरपाशीही वाढलेलं नसतं. ते पाकळ्यांनी थोडं वाकडंतिकडं असेल, दांडीची लांबी एकसारखी नसेल, पण त्याला बहुधा वास असतो. लांबच्या प्रवासासाठी पैदास केलेल्या जातींत टिकाऊपणा आणता आणता वास पुष्कळदा हरवला आहे. आईला फुलांची आवड असेल, तर हा फरक तिच्या लगेच लक्षात येईल.

गुच्छातली खरी घाण फुलांत नसतेच, ती फुलांखाली असते. दांड्या ज्यात खोचलेल्या असतात तो हिरवा, ओला, बोटाने दाबला की खड्डा पडणारा ठोकळा बऱ्याच जणांना झाडपाल्याचा वाटतो. ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लॅस्टिक आहे. चुरगळलं की त्याचे बारीक कण होतात, पाण्याबरोबर गटारात आणि तिथून पुढे जातात. ते कुजत नाहीत. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांतून हा ठोकळा हद्दपार केला आहे. तुम्हीही फूलवाल्याला स्पष्ट सांगा: ठोकळा नको, वरचं पारदर्शक वेष्टन नको, चमकी नको, रंगवलेली किंवा फवारा मारलेली फुलं नकोत. दांड्या नुसत्या सुतळीने बांधून द्या. बहुतेक फूलवाले आनंदाने देतात, त्यांचंही काम वाचतं.

घरी ठेवायला उंच पेला, बरणी, तांब्या काहीही चालतं. तुम्हाला आईसाठी एखादी वस्तू घ्यायचीच असेल, तर जपानी पुष्परचनेत वापरतात तो केन्झान घ्या. जड धातूच्या तळावर उभ्या सुया असतात, त्यांत दांड्या खोचायच्या. एकदा घेतला की आयुष्यभर पुरतो, आणि फुलांच्या हौशी माणसाला त्याचा भारी आनंद होतो. दांड्या तिरप्या कापल्या, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकली, पाणी वरचेवर बदललं आणि पिकत्या फळांजवळ फुलदाणी ठेवली नाही, तर फुलं कितीतरी जास्त टिकतात. फळं पिकताना इथिलीन वायू सोडतात, त्याने फुलं लवकर माना टाकतात. मग सुकलेली फुलं तुमच्या खताच्या डब्यात. तुम्हीही खूश, तीही खूश.

गुच्छाऐवजी कुंडीतलं झाड द्यावं, असं बरेच जण सुचवतात. मी थोडं जपून सुचवेन. एक तर विकतच्या कुंड्यांतल्या मिश्रणात पुष्कळदा पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, असतं. ते दलदलीची जमीन उकरून काढतात. जगाच्या जमिनीतला जेमतेम ३ टक्के भाग अशा दलदलींनी व्यापला आहे, पण सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन त्यांनी पोटात धरून ठेवला आहे. तेव्हा पीट नसलेली कुंडी मागा, किंवा स्वतः फांदी लावून रोप करा. दुसरं म्हणजे झाड ही जबाबदारी आहे. आईला झाडांचं वेड असेल तर जरूर द्या. नसेल, तर तिच्या दिवसात आणखी एका जिवाला पाणी घालायचं काम वाढेल.

हे काम वाढणं मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी सांभाळण्याच्या कामापैकी, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणी, मुलं आणि आजारी माणसं यांपैकी, ७६.२ टक्के काम बायका करतात, पुरुषांच्या तिपटीहून अधिक. आपण घर पर्यावरणस्नेही करायला निघालो, की त्यातलं बरंचसं नवं कामही गुपचूप याच ढिगात जाऊन पडतं. कचरा वेगळा करायचा, डबे धुऊन ठेवायचे, तयार आणायचं ते घरी करायचं, कापडी पुसणी उकळून वाळत घालायची. कल्पना मुलीची, टाळ्या मुलीला आणि हात आईचे. तुमच्या घरी असंच असेल, असं मी म्हणत नाही. पण एकदा बघा: ओला कचरा घरी जिरवणं सुरू झाल्यापासून तो डबा कोण हलवतं? त्याला वास यायला लागला की कुणाच्या लक्षात येतं? आईकडे राहत नसाल, तर तिच्या घरी तुम्ही सुचवलेल्या गोष्टी कोण निभावतं?

म्हणून माझ्या मते या वर्षीची तुमची मुख्य भेट ही असावी: आईच्या रोजच्या कामांतलं एक काम कायमचं तुमच्याकडे घ्या. एका दिवसासाठी नको. ‘आज तू काहीच करायचं नाहीस’ असं म्हणून तिला खुर्चीत बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट पसारा तिच्यापुढे, हे पुष्कळ घरांत होतं. काम पूर्ण घ्यायचं म्हणजे त्याची आठवण ठेवणंही घ्यायचं. कचऱ्याचं काम घेतलंत, तर कुठला कचरा कधी आणि कुठे द्यायचा, जुनी बॅटरी कुठे न्यायची, औषधांच्या मुदत संपलेल्या पट्ट्यांचं काय करायचं, हे सगळं तुमच्या डोक्यात, तिच्या नाही. भाऊ दूर राहतो, त्यालाही एक काम देता येईल. बिलं भरणं, दुरुस्तीवाल्याला बोलावणं, डॉक्टरांच्या वेळा घेणं ही कामं फोनवरून होतात. ‘मी काय मदत करू?’ असं आईला विचारू नका, उत्तर ‘काही नको’ असंच येईल. कामाचं नाव घेऊन सांगा: ‘अमुक काम आजपासून माझं.’

प्रत्यक्ष समारंभाच्या दिवशीही हाच विचार ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांमधून. सणासमारंभाला आपण उरेल इतकं करतो, कारण कमी पडण्याची धास्ती असते, आणि उरलेलं मग पुढचे दोन दिवस आईच संपवते. नेमकी किती माणसं येणार ते विचारा, पदार्थ थोडे करा, तिच्या आवडीचा एक पदार्थ मात्र मनसोक्त असू द्या. उरलंच तर कोण काय घेऊन जाणार हे आधी ठरवा. टाकाऊ ताटल्या आणू नका. कागदी म्हणून विकतात त्यांवरही बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. घरातली भांडी काढा, आणि ती तुम्ही, भाऊ आणि तुमचे यजमान मिळून घासा. फुगे नकोत. रबरी फुगा नैसर्गिक आहे असं म्हणतात, पण तो समुद्रात पोचला तर कासवांच्या आणि पक्ष्यांच्या पोटात जाण्याइतका काळ नक्की टिकतो.

वेष्टनाच्या कागदाबद्दल एक सोपी खूण. कागद मुठीत चुरगाळा. तो तसाच गोळा राहिला तर बहुधा साधा कागद आहे, पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिक किंवा पातळ पत्रा आहे.

‘काहीतरी मोठं करू’ असं भाऊ म्हणतोय, त्याला मोडता घालू नका. त्याच्या मनात आईसाठी खर्च करायची इच्छा आहे. ती चांगली इच्छा आहे, तिला वाट मात्र दाखवा. तुम्ही दोघांनी मिळून एकच भेट द्या, आणि ती आईच्या रोजच्या हवेशी, उन्हाशी, तब्येतीशी जोडलेली असू द्या. स्वयंपाकघराची हवा घ्या. जगात २१० कोटी माणसं अजून लाकूड, कोळसा, शेण, रॉकेल यांवर रांधतात, आणि घरातल्या हवेच्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात सगळ्यांत जास्त धूर बायका आणि त्यांच्याजवळची मुलं गिळतात. गॅसच्या शेगडीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तुमच्या आईच्या ओट्यापाशी हवा बाहेर फेकणारा पंखा आहे का? असेल तर तो चालतो का, की आवाज करतो म्हणून ती लावतच नाही? चांगला, कमी आवाजाचा पंखा किंवा विजेची इंडक्शन शेगडी ही पासष्टीच्या बाईला मिळालेली फार मोठी भेट आहे. हीही स्वयंपाकघराचीच वस्तू आहे, हे मला माहीत आहे. पण ही तिचं काम वाढवत नाही, तिच्या छातीतला धूर कमी करते. तरी आधी तिला विचारा.

किंवा तिची खोली थंड करा. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेने ७० हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत म्हाताऱ्या माणसांचं, विशेषतः म्हाताऱ्या बायकांचं प्रमाण मोठं होतं. वय वाढलं की तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा, चिक किंवा झडप बसवली तर आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी जास्त ऊन अडतं, कारण काच ओलांडून आत आलेली उष्णता पडदा परत बाहेर पाठवू शकत नाही. गच्चीखालची खोली असेल तर वर पांढरा परावर्तक रंग द्या. चांगला छताचा पंखा बसवा. भावाला असा खर्च सांगितलात तर तो खूशच होईल, कारण काहीतरी केल्याचं डोळ्यांना दिसतं.

नवा फोन घ्यायचा विचार त्याच्या मनात असेल, तर मात्र त्याला थांबवा. फोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनातला बहुतांश भाग तो बनवतानाच झालेला असतो, वापरताना थोडाच. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात गेला. आईच्या फोनची तक्रार बहुतेक वेळा बॅटरीची असते किंवा भरलेल्या जागेची. बॅटरी बदलून द्या, नको असलेले व्हिडिओ काढून टाका, अक्षरं मोठी करून द्या. ती म्हणेल, फोन नवाच झाला.

दुरुस्ती ही आईला देण्याजोगी सगळ्यांत दुर्लक्षित भेट आहे. २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. लोकांनी बिघडलेल्या वस्तू घेऊन यायचं आणि जाणकारांबरोबर बसून त्या दुरुस्त करायच्या. आता अशा बैठका अनेक देशांत होतात. तुमच्या जवळ अशी सोय नसली तरी एक दुपार पुरेशी आहे. आईच्या घरात फिरून बघा: न चालणारा रेडिओ, अडकणारं शिवणयंत्र, कडी तुटलेलं कपाट, सैल झालेली चष्म्याची दांडी, निखळलेली चेन, शिवण उसवलेली तिची आवडती पिशवी. या वस्तू टाकून न देता तिने ठेवल्या आहेत, कारण त्यांच्यावर तिचा जीव आहे. पण दुरुस्त करून आणायला तिला सवड झाली नाही, किंवा तेवढ्यासाठी कुणाला सांगावं असं वाटलं नाही. त्यातल्या तीन-चार जरी चालू करून तिच्यापुढे ठेवल्यात, तरी आपल्याकडे कुणीतरी नीट बघितलं हे तिला कळेल. यात एक पथ्य मात्र पाळा. आवराआवर करायच्या नादात तिला न विचारता काहीही बाहेर काढू नका. तुम्हाला अडगळ वाटणाऱ्या वस्तूत तिचं काय अडकलंय, ते तिलाच माहीत.

सासूबाईंचं अवघड नाही. त्यांना हौस आहे तर कपडा द्या. सुती टी-शर्ट म्हटला तरी एकामागे कापूस पिकवण्यापासून सुमारे २,७०० लिटर पाणी जातं, हे खरं आहे. पण शंभरदा वापरलेल्या कपड्याचं पाणी सार्थकी लागतं, कपाटात पडलेल्याचं नाही. त्यांना सोबत नेऊन त्यांच्या पसंतीने एकच घ्या. अचानक दिलेला, रंग न आवडलेला कपडाच बहुधा न वापरता राहतो. पॉलिएस्टर शक्यतो टाळा, दर धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात.

आईच्या नावाने झाड लावण्याचा विचार तुमच्या मनात आला असेलच. जरूर लावा, पण खड्डा करून फोटो काढण्यापाशी काम संपत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालणारं आणि गुरांपासून राखणारं कुणीतरी लागतं, आणि त्या मातीतली, त्या हवेतली जात लागते. केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली ती गावातल्या बायकांच्या तक्रारी ऐकून: सरपणासाठी लांब जावं लागतं, ओढे आटले, पिकं धड येत नाहीत. त्या बायकांनीच रोपवाटिका उभ्या केल्या. त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते: बायकांना थोडे पैसे मिळत ते लावलेल्या झाडाचे नव्हे, जगलेल्या झाडाचे. आजवर या चळवळीने कोट्यवधी झाडं लावली, आणि २००४ मध्ये माथाईंना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. आईच्या नावाने देणगी द्यायची असेल, तर आधी हाच प्रश्न विचारा: लावली किती यापेक्षा तीन वर्षांनी जगली किती? उत्तर देणारी संस्था शोधा. घराजवळ एकच झाड लावून ते तुम्ही स्वतः जगवलंत, तरी उत्तम.

आणि तिच्याशी बोला. खर्च शून्य, कचरा शून्य, म्हणून हे सुचवत नाही. तुम्ही जे आज शिकून, वाचून करता आहात ते बहुधा तिने वर्षानुवर्षं केलंय, त्याला नाव न देता. बरण्या जपून ठेवणं, जुन्या कपड्याचं काहीतरी करणं, पाण्याचा एक थेंब वाया न घालवणं. तुम्ही तिला पर्यावरण शिकवायला गेलात, तिला कधी विचारलंत का? फोनवर ध्वनिमुद्रण लावा आणि विचारा: तू लहान असताना पाणी कुठून यायचं? कचरा किती निघायचा आणि जायचा कुठे? तुझ्या आईकडून उचललेली अशी कुठली सवय आहे, जी आम्ही सोडून दिली? तुला कुठल्या कामाचा कंटाळा यायचा, पण कधी बोलली नाहीस? शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याच्या उत्तरातून कुठलं काम तुमच्याकडे घ्यायचं ते आपोआप कळेल. एका बैठकीत सगळं उरकू नका, ती थकली की थांबा. मुद्रणाची प्रत भावाकडेही ठेवा.

आता दिवस जवळ आलाय, म्हणून क्रम सांगते. आधी त्या वाक्याबद्दल तिच्याशी बोलून घ्या. मग भावाला फोन करा, आणि मागच्या गुच्छाचं कौतुक करून सुरुवात करा, कारण आईला काय आवडतं ते त्याने बरोबर ओळखलं होतं. या वेळची फुलं तुम्ही आणा, पंखा किंवा छज्जा दोघांत मिळून करा. कपाटातला तो संच तिला मागून स्वतःकडे घ्या आणि वापरा. ‘तू वापरत नाहीस’ असं म्हणू नका, ‘मला लागतोय’ म्हणा.

काम अंगावर घ्याल तेव्हा पहिले काही आठवडे ती ते पुरतं सोडणार नाही, याची तयारी ठेवा. तुमच्या मागे येऊन डबा पुन्हा तपासेल, पिशवीची गाठ पुन्हा बांधेल, ‘राहू दे गं, मी करते’ म्हणेल. इतक्या वर्षांची सवय आहे ती. वाद घालू नका आणि कामही परत देऊ नका. तुमच्या पद्धतीत तिने चूक दाखवली, तर ती सुधारून घ्या. तिचं बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. एखाद्या दिवशी ते काम विसरलात, तर तिने करण्याआधी भावाला किंवा यजमानांना करायला लावा. दोन-तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा, कुठलं काम घेतलंत आणि ते टिकलं का, ते कळवा.